तंबाखूच्या गठ्ठ्यात झोपवलेलं पत्र

आमच्या दफ्तरखान्यातून गेल्या चाळीस वर्षांत एकही कागद चोरीला गेलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कागद झोपवले मात्र पुष्कळ गेले.

झोपवणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. एखाद्या अभ्यासकाला गठ्ठ्यात घबाड सापडलं की त्याचे कान लाल होतात. ते पत्र खिशात घालायची त्याची हिंमत नसते, कारण दारात मी पिशव्या तपासते. पण आपलं लिहून छापून होईपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर, या धास्तीने त्याला चैनही पडत नाही. मग तो काय करतो, ज्याला वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही असा एखादा गठ्ठा मागवतो आणि आपलं पत्र गुपचूप त्यात सारून देतो. छापून झालं की यायचं, पत्र उठवायचं आणि मूळ जागी ठेवायचं. सगळे हे करायचे आणि सगळे एकमेकांवर त्याचा आळ घ्यायचे. मी टेबलाआडून बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. आज ना उद्या पत्र घरी येणारच आहे, उगाच कशाला तोंड वाजवायचं, असं मला वाटायचं.

हा दफ्तरखाना म्हणजे आमच्या सुक्रे गावातलं आरोस्तेगी घराण्याचं जुनं घर. मेल्चोर आरोस्तेगी, ज्यांना सगळे मानाने ‘दोन’ मेल्चोर म्हणतात (आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘दोन’, बाईला ‘दोन्या’), हे आमच्या प्रजासत्ताकाचे सुरुवातीच्या काळातले परराष्ट्रमंत्री. त्या काळी मंत्र्याची खुर्ची गेली की तो कागदही बैलगाडीत घालून घरी न्यायचा, म्हणून देशाचा अर्धा पत्रव्यवहार त्यांच्या माडीवर राहिला आणि पुढे वारसांनी त्याची संस्था केली. मी हुस्ता कायो. एकविसाव्या वर्षी इथे लागले. माझी आई बाजारात उकडलेला मका विकायची. लेकीला टेबलखुर्चीची नोकरी लागली म्हणून त्या दिवशी तिने अख्ख्या रांगेला फुकट मका वाटला होता.

डॉक्टर आपोलिनार रेंदोन माझ्याआधीपासून येत होते. त्यांचा विषय एकच, आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही: हातून निसटलेल्या आपल्या मुलखांना स्पेनने देश म्हणून कधी, कसं आणि कुठल्या अटींवर मान्य केलं. मेक्सिकोला आधी, आम्हाला इतक्या वर्षांनी, कुणाला त्याहून उशिरा. कुणाचा दूत माद्रिदला गेला, त्याला कुठल्या खोलीत किती वेळ ताटकळत बसवलं, तहाच्या मसुद्यातला कुठला शब्द कुणी खोडला. त्यांची बायको दोन्या एल्बिरा माझ्याजवळ कुरकुरायची, “हुस्ता, लग्नाला वीस वर्षं झाली, पण या घरात माद्रिदने अजून मला मान्यता दिलेली नाही गं.” बिचारी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हा विषय तुम्हाला रुक्ष वाटेल. आमच्याकडे तो पोराटोरांना पाठ आहे. माद्रिदने आम्हाला वर्षानुवर्षं झुलवलं आणि दोन मेल्चोरने चिकाटीने मान्यता खेचून आणली, असं चौथीच्या पुस्तकात आहे. त्यांच्या नावाची शाळा आहे, चौक आहे, जिन्यात त्यांची तसबीर आहे, जिची धूळ मीच पुसते. तिच्यातल्या डोळ्यांत एवढा ताठा आहे की मला कधीकधी वाटायचं, हा माणूस स्वतःच्या बायकोलाही अर्ज करायला लावत असेल.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावच्या इतिहास मंडळाने डॉक्टरांना सभासद म्हणून निवडलं. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. मंडळात वीस खुर्च्या, आणि एक म्हातारा मेल्याशिवाय दुसरा आत येत नाही. डॉक्टरांचं नाव तीनदा मागे पडलं होतं, कारण त्यांनी आयुष्यात पुस्तक असं एकही पुरं केलं नव्हतं. लेख लिहिले, व्याख्यानं दिली, शेकडो पोरांना शिकवलं. पण ते मोठं पुस्तक, ज्याबद्दल सगळं गाव ऐकून होतं, ते नेहमी पुढच्या वर्षी येणार असायचं.

मंडळाची रीत अशी: नव्या सभासदाने भाषण वाचायचं आणि एका जुन्या सभासदाने त्याला उत्तराचं भाषण द्यायचं. भाषण महिनाभर आधी उत्तर देणाऱ्याच्या हाती जातं. आणि नवीन काही सिद्ध करायचं असेल तर त्याचा मूळ कागद त्या दिवशी हिरव्या कापडाच्या टेबलावर ठेवावा लागतो. सभासद एकेक करून येतात, वाकून बघतात आणि मग आपल्या खुर्चीत जाऊन बसतात. नक्कल चालत नाही, फोटो चालत नाही. आमच्या गावात आधीच खोट्या वंशावळींचा एवढा सुळसुळाट होऊन गेला आहे की ही रीत कुणी बदलत नाही.

जूनमध्ये, आमच्या ऐन थंडीत, एका सकाळी डॉक्टर आले ते दोन सालतेन्या, म्हणजे आत रस्सा भरलेल्या भाजक्या करंज्या, घेऊन. कागदी पिशवीवर तेलाचे डाग. मला म्हणाले, “हुस्ता, चल अंगणात, उन्हात खाऊ.”

“डॉक्टर, चाळीस वर्षांत तुम्ही मला सालतेन्या आणली नाहीत. काय मोडलंत?”

“काही मोडलं नाही. खा आधी, गार होईल.”

आम्ही पायरीवर बसलो, रस अंगावर सांडू नये म्हणून दोघंही पुढे वाकून खात होतो. त्यांच्या हाताला आता कंप आहे, रस मनगटावरून बाहीत जात होता. मी रुमाल दिला. तो हातात धरूनच ते म्हणाले, “तंबाखू परवाने, अठराशे बावन्न. चौथा गठ्ठा. तो मला काढून दे.”

“त्याचं काय करणार?”

“त्यात माझं पत्र आहे.”

मग त्यांनी सांगितलं. मी नोकरीला लागले त्याच वर्षीची गोष्ट. माद्रिदमधल्या आमच्या दूताची पत्रं असलेल्या गठ्ठ्यात त्यांना एक खाजगी पत्र सापडलं. दूत दोन मेल्चोरला लिहितो: स्पेनचं मंत्रिमंडळ सही करायला तयार आहे, अट कसलीही नाही, पण सध्या आपण मंत्रिपदावर नाही, म्हणून आपल्या सांगण्यावरून मी आजारी असल्याचं कळवून बोलणी लांबवली आहेत, आपण पुन्हा खुर्चीत आलात की मी बरा होईन. डॉक्टरांना ते शब्दन् शब्द पाठ होतं. “दोन वर्षं, हुस्ता! दोन वर्षं तो इसम माद्रिदमध्ये अंथरुणात पडून राहिला, का, तर सही दोन मेल्चोरची व्हावी म्हणून. आणि आपण पोरांना काय शिकवतो?”

“आणि तुम्ही ते तंबाखूत झोपवलंत.”

“सेव्हेरो त्याच माद्रिदच्या गठ्ठ्यावर काम करणार होता. पुढच्याच आठवड्यात.”

सेव्हेरो इचासो म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी. त्याने सगळ्या पत्रांवर भराभर पुस्तकं लिहिली.

“मग चाळीस वर्षं का नाही उठवलंत?” मी जरा आवाज चढवूनच विचारलं. आम्ही टेबलामागच्या बायका अभ्यासकांवर आवाज चढवू शकतो, तेवढाच आमचा मान.

“एका पत्रावर कोण विश्वास ठेवतो? माद्रिदची बाजू हवी होती. तिथे दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला अर्धं सापडलं. मग एल्बिरा आजारी पडली. मग विद्यापीठाचं ते विभागप्रमुखपद गळ्यात आलं. दर वर्षी वाटायचं, आणखी एकच पुरावा, मग लिहितो. आणि पत्र कुठे पळत होतं? झोपलंय, झोपू दे, म्हटलं.” त्यांनी बोटं पुसली. “आता लिहिलंय. भाषण त्याच्यावरच आहे. सेव्हेरोला मंडळानेच उत्तराला नेमलंय. परवा त्याच्याकडे पाठवलं. मूळ पत्र टेबलावर ठेवायचंय. सात जुलैला.”

माझ्या हातातली सालतेन्या अर्धी उरली होती. ती मी पिशवीत परत ठेवली.

“उद्या काढून ठेवते,” मी म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भ्याले म्हणून नाही सांगितलं, दुसरं कारण नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माडीच्या छतातून पाणी आलं. संचालिकाबाई नव्या होत्या, त्यांनी सांगितलं की निरुपयोगी कागद काढून टाकू आणि चांगले कोरड्या जागी आणू. यादी कुणी करायची? जिला संग्रह पाठ आहे तिने, म्हणजे मी. तंबाखूचे परवाने साठ गठ्ठे होते. छापील नमुना, त्यावर नाव, गाव, किती पोती. त्यातला सगळ्यात वरचा गठ्ठा मी उघडला, दुसरा उघडला, आणि पुढच्या अठ्ठावन्नांसमोर लिहिलं: तपासलं, ऐतिहासिक मूल्य नाही. खाली सही केली. यादी नियमाप्रमाणे तीस दिवस फळ्यावर लावली होती. कुणी हरकत घेतली नाही. डॉक्टर तेव्हा छातीच्या दुखण्याने घरी पडून होते. मग एक ट्रक आला आणि कोचाबांबाच्या कागद गिरणीत सगळं लगद्याला गेलं.

ज्या गठ्ठ्यांना कुणी विचारत नाही, तेच लोक झोपवायला निवडतात, हे मला माहीत होतं. हे फक्त मलाच इतकं नीट माहीत होतं. आणि तरी मी दोनच उघडले, कारण माडीवर ओल होती, माझे गुडघे दुखत होते आणि जेवायची वेळ झाली होती.

दोन दिवस मी शोधलं. वाटलं, एखादा गठ्ठा मागे राहिला असेल. माडी पालथी घातली, जिन्याखालची खोली पाहिली, संचालिकाबाईंच्या कपाटामागे हात घालून पाहिलं. एक गठ्ठा खरंच सापडला, तंबाखूचाच, पण एकोणिसावा. तो मी तिथेच जमिनीवर बसून उघडला. परवान्यांशिवाय त्यात काही नव्हतं. मग गिरणीत फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, “बाई, तीन वर्षं झाली हो. त्याचे अंड्यांचे ट्रे झाले. ते ट्रेसुद्धा कुणी टाकून दिले असतील आता.”

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, आपल्या खिडकीजवळच्या जागी बसले, चष्मा पुसून तयार. मी त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला नाही. यादीची नक्कल ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी ती वाचली. परत वाचली. मला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, काहीतरी फेकावं, माझं नाव घ्यावं.

“सही कुणाची आहे?” त्यांनी विचारलं, तरी सही समोरच होती.

“माझी.”

“हं.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “तू उघडून नाही पाहिलंस.”

“नाही.”

“मी तरी कुठे पाहिलं चाळीस वर्षं,” ते म्हणाले. हे त्यांनी मला माफ करण्यासाठी म्हटलं नव्हतं. ते स्वतःशीच बोलत होते. मला मात्र त्याने रडू फुटलं, आणि वाचनदालनात रडायला मनाई नाही म्हणून मी तिथेच रडले.

मी म्हणाले, मी मंडळापुढे येते, सांगते की गठ्ठा माझ्या सहीने गेला. हे बोलताना मी भीतच होते, कारण निवृत्तीला माझं एकच वर्ष उरलं होतं आणि आरोस्तेगींच्या घरातली माणसं दोन मेल्चोरबद्दल काही ऐकून घेणारी नव्हेत.

“काय सांगशील? गठ्ठा गेला हे सांगशील. त्यात पत्र होतं हे कोण सांगणार? मीच ना? आणि ते तिथे कसं गेलं म्हणून विचारलं तर?” त्यांनी यादी घडी करून मला परत दिली. “राहू दे हुस्ता. तू नको पडू यात.”

मला हायसं वाटलं. ही लाज मी आजही बाळगून आहे.

तरी आम्ही सेव्हेरो इचासोंकडे गेलो. भाषण त्यांच्याच हातात होतं, दुसरा मार्गच नव्हता. ते अंगणात उन्हाला बसले होते, मांडीवर घोंगडी, शेजारी तिपाईवर डॉक्टरांचं भाषण, लाल पेन्सिलीने रंगवलेलं.

“या, नवे सभासद!” त्यांनी हाक दिली. “अरे आपोलिनार, भाषण छान उतरलंय. चाळीस वर्षांनी का होईना, अंडं घातलंस. आणि हुस्ताबाईंना कशाला आणलंस, साक्षीदार म्हणून?”

“पत्र नाहीये, सेव्हेरो.”

“म्हणजे?”

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच. शाळेत मास्तरांपुढे पोरं उभी राहतात तसे हात खाली सोडून. झोपवलं ते, का झोपवलं ते, मी काय केलं ते. मग इचासोंनी घोंगडी बाजूला केली, काठी घेतली, आत गेले आणि हातात एक पुस्तक घेऊन आले. त्यांचंच. तह आणि मान्यतेवरचं, ज्याच्यावर चौथीचा धडा बेतलेला आहे. पान त्यांनी शोधलं नाही, ते आपोआप उघडलं.

“वाच,” ते म्हणाले. “मोठ्याने. खालची टीप.”

डॉक्टरांना ते वाचता येईना. मी वाचलं. त्या काळी दूताने आजाराचं सोंग केलं होतं अशी एक अफवा गावात होती, असं टिपेत होतं, आणि पुढे: ‘मात्र माद्रिदच्या गठ्ठ्यात याला दुजोरा देणारं एकही पत्र नाही, ही माहिती माझे मित्र आपोलिनार रेंदोन यांनी स्वतः संपूर्ण गठ्ठा तपासून दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.’

“मी तुला विचारलं होतं,” इचासो म्हणाले. “चौकातल्या बाकावर. आठवतंय? माझ्या आजोबांकडून ऐकलेली अफवा होती ती, मी मूर्खासारखा तुलाच विचारलं. तू म्हणालास, पानन् पान चाळलंय, काही नाही. मी परत पाहिलंच नाही. का पाहू? तू म्हणाला होतास.”

“सेव्हेरो...”

“थांब रे. तुझ्यावर माझा विश्वास आहे. आत्ता. तुझ्यासारख्या आळशी माणसाला असं पत्र रचायला सुचणार नाही. होतं ते पत्र. म्हणजे मी चाळीस वर्षं चुकीचं शिकवलं. तुझ्या शब्दावर. माझं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, आपोलिनार, तुझ्या एका थापेवर उभं आहे.” त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग त्यांनी शांत होऊन नाक पुसलं. “भाषण असंच वाचलंस तर मला उत्तरात काय म्हणावं लागेल? टेबल रिकामं. आणि ही टीप छापलेली. मी नाही वाचली तर दुसरा कुणी वाचेल. तुझाच शब्द तुझ्याविरुद्ध. म्हणतील, म्हातारपणी खुर्चीसाठी पत्र रचलं.”

“आणि खरं सांगितलं तर? झोपवल्याचं?”

“मग म्हणतील, तेव्हा खोटं बोलला, आता तरी खरं कशावरून?”

इचासोंच्या सुनेने कोकाच्या पानांचा चहा आणला, तो कुणी घेतला नाही. डॉक्टरांनी एकदा विचारलं, पुढे ढकलता येईल का. इचासो म्हणाले, “कशासाठी ढकलणार? काय मिळणार आहे आणखी?”

निघताना इचासोंनी भाषणातली अकरा पानं सुटी करून डॉक्टरांच्या हातात दिली. “ही काढलीस तर बाकीचं उभं राहतं,” ते म्हणाले. “जुन्यासारखंच, पण उभं राहतं.”

सात जुलैला हॉल भरला होता. डॉक्टरांची मुलगी सांता क्रूसहून आली होती, त्यांचे जुने विद्यार्थी, आरोस्तेगींचे दोन पणतू पुढच्या रांगेत. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. डॉक्टरांच्या अंगावर काळा सूट होता, एल्बिरा असतानाचा, आता खांद्यात मोठा झालेला. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाण्याचा तांब्या आणि पेला. नवीन काही दाखवायचं नसल्याने सभासद थेट आपापल्या खुर्चीत जाऊन बसले.

त्यांनी नीट वाचलं. सुरुवात फार चांगली होती, मेक्सिकोचा भाग, मग किटोचा, दूतांना ताटकळत बसवायच्या खोल्यांचं वर्णन, लोक हसले. मग ती जागा आली. मला पान दिसत नव्हतं, पण मला कळलं. ते थांबले, पेल्यातलं पाणी प्यायले, आणि वाचू लागले की या दोन वर्षांत माद्रिदने आपल्या दूताला अनेक सबबी सांगून टाळलं, आणि अखेर दोन मेल्चोर आरोस्तेगी यांच्या अढळ चिकाटीपुढे त्यांना झुकावं लागलं. हे वाक्य इचासोंच्या पुस्तकातलं होतं. पणतवांनी मान डोलावली.

मग इचासो उठले. त्यांनी उत्तरात सांगितलं की आपल्या मित्राने आयुष्यभराच्या अभ्यासाने या प्रश्नाचा कायमचा निकाल लावला आहे, आणि यापुढे कुणी जुन्या अफवा उकरून काढण्याचं कारण उरलेलं नाही. हे बोलताना ते कागदाकडेच बघत होते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हॉलमध्ये ज्या तिघांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं, ते तिघंही टाळ्या वाजवत होते किंवा घेत होते. डॉक्टरांच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा मुलगी रडली, आणि सगळ्यांना ते आनंदाचं रडू वाटलं. बहुतेक तसंच असेल.

नंतर व्हरांड्यात गर्दी होती, लोक मिठ्या मारत होते, सिंगानीच्या दारूचे छोटे पेले फिरत होते. डॉक्टर एका खांबाला टेकून उभे होते, पदक सरळ करत. मी जाऊन त्यांचा हात धरला. अभिनंदन कसं म्हणणार, म्हणून नुसता धरला.

त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, “हुस्ता, ते पत्र होतं ना गं?”

“म्हणजे?”

“नक्कल आहे माझ्याकडे, पण ती माझ्याच अक्षरात आहे. परवापासून रोज वाचतोय. वाटतं, इतकी नीट वाक्यं कुणी खरोखर लिहितं का? मी त्या वेळी फार वाढवून सांगायचो. एल्बिराही म्हणायची. मला आता ते पान डोळ्यांपुढे येत नाही. कागदाचा रंग आठवत नाही. तू होतीस तिथे. तूच गठ्ठा आणून दिलास. होतं ना?”

त्यांनी माझा हात सोडला नव्हता. सगळ्या गावात या माणसाला हे विचारायला मी एकटीच उरले होते. आणि मी काय पाहिलं होतं? एक माणूस खिडकीजवळ वाकून बसलेला, त्याचे कान लाल झालेले. त्यापलीकडे काही नाही. मी चाळीस वर्षं त्या माडीवरून गठ्ठे खाली आणले, फिती सोडल्या, फिती बांधल्या, लोकांना बोटं धुवायला लावली. पण त्यातलं एक पत्रही मी कधी वाचलं नाही. ते माझं काम नव्हतं.

“होतं, डॉक्टर,” मी म्हणाले.

“तू पाहिलंस?”

“पाहिलं की.”

“रंग कसा होता?”

“पिवळसर,” मी म्हणाले, कारण आमच्याकडचे सगळेच कागद पिवळसर आहेत. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी मान हलवली, माझा हात सोडला आणि मुलगी बोलावत होती तिकडे गेले.